दहा चौरस मीटर

संध्याकाळी साडेसातनंतर बदलापूरच्या शिरगावातल्या कुठल्याही मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहावं. मुंबईहून बदलापूर लोकलमध्ये दीड तास उभ्यानं आलेली माणसं शेअर रिक्षातून उतरतात आणि घरचा जिना चढायच्या आधी शेवटचा थांबा घेतात. कुणाला आईच्या बीपीच्या गोळ्या, कुणाला पोराच्या खोकल्याचं औषध, कुणाचं नुसतंच "डोकं ठणकतंय, काहीतरी द्या." अशाच एका संध्याकाळी माझ्या पुढच्या माणसानं सांगितलं, "ताई, चारच द्या." काउंटरवरच्या ताईंनी दहाची स्ट्रिप उचलली, उलटी केली, उजेडात तिरकी धरून पाहिली, गोल फिरवली आणि मगच कात्री लावली.

हे फिरवणं मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. हाताची सवय असेल, असंच वाटायचं. त्या दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "तारखेचं टोक माझ्याकडं राहायला नको? नाहीतर उरलेल्या सहा मी कशाच्या भरवशावर विकू?"

स्ट्रिपच्या एका टोकाला बारीक ठसा असतो. बॅच नंबर, बनवल्याचा महिना, मुदत संपण्याचा महिना. ते टोक गिऱ्हाईकाला गेलं तर दुकानातल्या सहा गोळ्या बेवारस होतात. दुकानात राहिलं तर गिऱ्हाईकाच्या खिशातल्या चार. एका कात्रीत एवढा पेच दडलेला असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पेच सोडवायची सोयही त्याच काउंटरवर असते आणि ती आपण बहुतेक वेळा "राहू द्या" म्हणून नाकारतो. त्याकडं येतोच. आधी दुकान पाहू.

औषधांच्या किरकोळ विक्रीचा परवाना हवा असेल तर जागा किमान दहा चौरस मीटर हवी, असं १९४५ चे औषध नियम सांगतात. दहा चौरस मीटर म्हणजे सुमारे १०८ चौरस फूट. चाळीतली दहा बाय दहाची खोली शंभर चौरस फुटांची, म्हणजे हे तिच्याहून वीतभर मोठं. एवढ्या जागेत शेकडो औषधं राहतात. प्रत्येकाला स्वतःचं हवामान लागतं, प्रत्येकाची मरणाची तारीख ठरलेली असते, आणि त्यातल्या कित्येकांची नावं इतकी सारखी की जुळी भावंडं शोभावीत. किराणा दुकानात शेंगदाणे खवट निघाले तर जीभ सांगते. इथं जीभ काही सांगत नाही. म्हणून इथलं सगळं लिहून ठेवावं लागतं.

पाटीवरचे शब्दसुद्धा हौसेनं रंगवता येत नाहीत. ज्या दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्टची गरज नाही त्यानं 'ड्रगस्टोअर' म्हणायचं. फार्मासिस्ट आहे, पण औषध तिथं तयार होत नाही, त्यानं 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट'. जिथं चिठ्ठी पाहून औषध घोटून, मिसळून देण्याची व्यवस्था आहे, त्यालाच 'फार्मसी' किंवा 'डिस्पेन्सिंग केमिस्ट' म्हणवून घेता येतं. जुन्या दवाखान्यातला कंपाउंडर आठवतो का? लाल मिक्श्चरची बाटली, आणि डोस मोजायला तिच्यावर चिकटवलेली कातरलेल्या कागदाची पट्टी? ते जग आता जवळजवळ गेलं. पाट्यांवर 'फार्मसी' मात्र सर्रास दिसतं. हा नियम वाचल्यापासून मी रिक्षातून जाताना पाट्या वाचतो आणि मनातल्या मनात दंड ठोठावतो.

आत भिंतीवर फ्रेममध्ये दोन-चार कागद असतात. नमुना २० आणि नमुना २१ मधले परवाने, आणि फार्मासिस्टचं नोंदणीपत्र. १९४८ चा फार्मसी कायदा आणि औषध नियम यांनुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टनं स्वतः द्यायचं, किंवा त्याच्या डोळ्यांसमोर दिलं गेलं पाहिजे. मराठीत सरकारी कागदावर त्याला 'औषधनिर्माता' म्हणतात. तो काही निर्माण करत नाही, राखण करतो. 'औषधराख्या' म्हणायला हवं होतं, पण ते कुणी ऐकणार नाही.

आता हवामान. बदलापूरकरांना हा विषय जिवाजवळचा. समुद्राचा वारा इथं पोचेपर्यंत दमलेला असतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मुंबईतली माणसं 'आज फार उकडतंय' म्हणतात तेव्हा आपण नुसतं हसतो. तर अशा गावात एखादं खोकं हातात घ्यावं आणि त्यावरचं वाक्य वाचावं: थंड व कोरड्या जागी ठेवा. मला हे वाक्य कायम 'कृपया रांगेत उभे राहा'सारखं वाटायचं. लिहायचं म्हणून लिहिलेलं. पण इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या दर्जाचा आपला अधिकृत ग्रंथ, त्यात 'थंड'ची व्याख्या दिलेली आहे. फ्रिजमधलं गार म्हणजे ८ अंशांच्या आत, साधारण २ ते ८. आणि नुसतं थंड म्हणजे ८ ते २५ अंश. पंचवीस! शिरगावात वर्षातले किती दिवस भरदुपारी २५ अंश असतात, ते आठवून पाहावं. म्हणजे कायद्याच्या भाषेतली 'थंड जागा' इथं निसर्गात जवळजवळ सापडत नाही. ती यंत्रानं तयार करावी लागते. दुकानातला एसी गिऱ्हाइकांसाठी असतो, असं समजणारा मी एकटाच नसेन.

मग इतकी वर्षं औषधं टिकली कशी? कारण ती आधीच भाजून, वाफवून पाहिलेली असतात. औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याच्या टिकाऊपणाची परीक्षा होते. एक लांब पल्ल्याची, त्या-त्या देशाच्या हवेप्रमाणे. भारतासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता दिलेली आहे. दुसरी परीक्षा घाईची: ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, सलग सहा महिने. चाळीस अंश आणि पंचाहत्तर टक्के म्हणजे काय? बदलापूरचा मे आणि बदलापूरचा जून एकाच खोलीत कोंडून, गोळीला सहा महिने त्यात बसवणं. त्यातून ती किती शाबूत निघते, यावर खोक्यावरची मुदत ठरायला सुरुवात होते. ती तारीख कुणी पंचांग पाहून काढलेली नसते.

मुदतीचं अजून एक. खोक्यावर नुसता महिना आणि वर्ष असतं, दिवस नसतो. ऑगस्ट लिहिलंय म्हणजे एक तारखेला गोळी मेली, असं नाही. नियम सांगतो की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती चालते. आणि एक सप्टेंबरला ती दुकानात दिसलीच तर तिची जागा वेगळी, खोकं वेगळं, त्यावर शब्द ठसठशीत: विक्रीसाठी नाही. किराणावाला जुना माल आधी काढतो. मेडिकलवाला जुना नव्हे, आधी मरणारा माल आधी काढतो. नंतर आलेला पण मुदत कमी असलेला माल पुढं, आधी आलेला पण मुदत लांब असलेला मागं. आठवड्यातून एकदा तरी फळीवरचं सगळं खाली-वर करावं लागतं ते यासाठी.

ही परीक्षा मात्र बंद पाकिटातल्या गोळीची झालेली असते. पाकीट फोडून डबीत काढलेल्या गोळीबद्दल कंपनीनं काहीच वचन दिलेलं नसतं. ॲस्पिरिनचं उदाहरण घ्या. ही गोळी बनते सॅलिसिलिक आम्लाला ॲसिटिक आम्लाचा एक तुकडा जोडून. हवेतला ओलावा हा जोड पुन्हा उसवतो. सुटलेलं ॲसिटिक आम्ल म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. म्हणून दमट जागी पडलेल्या ॲस्पिरिनची डबी उघडली की आंबट वास येतो. रसायनशास्त्राचा एक धडा, नाकानं शिकायचा. अशा गोळ्या टाकून द्यायच्या असतात, पण टाकण्याआधी एकदा वास घ्यायला हरकत नाही.

बिघडलेलं इन्सुलिन वासावरून ओळखता येत नाही, हीच पंचाईत. बदलापूरची जांभळं प्रसिद्ध, आणि साखरेसाठी जांभळाच्या बियांची पूड घरोघर असते. ती डबीत कुठंही राहते. इन्सुलिन हे प्रथिन आहे, त्याची घडी विशिष्ट पद्धतीनं घातलेली असते आणि ती घडी हेच त्याचं काम. उष्णतेनं घडी हळूहळू विस्कटते. बर्फ झाला तर ती मोडते आणि वितळल्यावर पुन्हा जुळत नाही. दिसायला बाटली तशीच दिसू शकते. म्हणून दुकानातल्या फ्रिजमध्ये थर्मामीटर लटकवलेला असतो आणि चांगल्या दुकानात दिवसातून दोनदा त्याचा आकडा वहीत जातो. म्हणून शहाणा फार्मासिस्ट इन्सुलिन फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकू देत नाही, तिथं बर्फ धरतो. आणि म्हणून दुकानाच्या फ्रिजमध्ये स्वतःचा डबा ठेवायचा नसतो: दार जितक्या वेळा उघडेल तितकी आतली हवा बाहेर. भर मे महिन्यात वीज जाते तेव्हा शिरगावातले दुकानदार सर्वांत आधी फ्रिजचं दार धरून बसतात. उघडलंच नाही तर आतला गारवा काही तास तग धरतो.

ज्यांच्या घरी फ्रिजच नाही त्यांचं काय? इथं मला खरोखर सुखद धक्का बसला. जीनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत घरांमधलं तापमान मोजलं, ते २५ ते ३७ अंशांमध्ये वर-खाली होत होतं. तेच चढउतार प्रयोगशाळेत इन्सुलिनला दिले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापला: उघडलेली बाटली चार आठवडे टिकली. आणि गारवा हवाच असेल तर आपला माठ आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, हवेत उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. पण माठ हवा कोरडी असेल तरच राबतो. बदलापुरात एप्रिलमध्ये कोरडं वारं सुटतं तेव्हा माठातलं पाणी दात आंबवतं, आणि जूनमध्ये, पाऊस दाराशी येऊन थांबलेला असताना, तोच माठ कोमट पाणी पाजतो. पाणी उडून जायला हवेत जागाच नसते. आजीला हे ठाऊक होतं. ती आर्द्रता हा शब्द वापरत नसे, एवढंच.

जाता जाता एक नवलाची गोष्ट. पोलिओच्या डोसाच्या बाटलीवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन छापलेला असतो. १९९६ पासून हे चित्र पोलिओच्या लशीवर आहे. चौकोन फिका असतो आणि बाटलीनं जितकी उष्णता सोसली असेल तितका तो गडद होत जातो. एकदा गडद झाला की मागं फिरत नाही. चौकोन वर्तुळाइतका काळवंडला की लस टाकून द्यायची. शाई स्वतःच बाटलीच्या आयुष्यातला सगळा ताप मोजत बसलेली असते. पोलिओ रविवारी पोराला घेऊन रांगेत उभे राहिलेल्या किती जणांनी हे ठिपक्याएवढं यंत्र पाहिलं असेल? मी दोनदा गेलोय, आणि दोन्ही वेळा माझं लक्ष पोराच्या रडण्याकडं होतं.

उष्णतेपेक्षाही चोरपावलांनी येणारा शत्रू म्हणजे नाव. मेंदूपर्यंत पोचणाऱ्या मलेरियावर दोन कंपन्यांची दोन औषधं होती, 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब'. त्यांच्या नावांच्या सारखेपणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००१ मध्ये न्यायालयानं म्हटलं की औषधांच्या नावांतला गोंधळ इतर वस्तूंपेक्षा कडक नजरेनं तपासला पाहिजे. साबणाच्या नावात घोटाळा झाला तर फार तर वास बदलेल. २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी नियम आला की औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. तरी चिठ्ठी हातात आली की फार्मासिस्टचे डोळे बारीक होतातच. नीट वाचता न आलेली चिठ्ठी अंदाजानं लावण्यापेक्षा डॉक्टरला फोन करणारा फार्मासिस्ट गिऱ्हाइकाला रेंगाळणारा वाटतो. माझ्या लेखी तो गल्लीतला सर्वांत वेगवान माणूस आहे, कारण त्याच्याकडं दोनदा यावं लागत नाही.

नाव बरोबर, औषध बरोबर, तरी एक शब्द घात करतो. मेथोट्रेक्सेट हे औषध कर्करोगात वापरतात आणि फार कमी मात्रेत संधिवातातही. संधिवातात ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. सवयीनं कुणी रोज घेतलं तर अस्थिमज्जा बंद पडू शकते, माणूस दगावू शकतो. जगभर अशा घटना घडल्या आहेत. आपल्याकडं गोळी म्हटली की सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी-जेवणानंतर. 'आठवड्यातून एकदा' हे आपल्या कानात उपवासासाठी बसलंय, औषधासाठी नाही. म्हणून काउंटरवरच्या ताई पाकिटावर पेनानं थेट वार लिहितात: फक्त सोमवारी, एक. वार ठरला की घरातलं पोरसुद्धा टोकतं, "आजी, आज मंगळवार आहे."

लहान मुलांच्या तापाचं औषध घ्या. पॅरासिटामॉलचे थेंब आणि पॅरासिटामॉलचं पातळ औषध, दोन्ही गोड, दोन्ही रंगीत. पण थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं आणि नेहमीच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरला १२५. म्हणजे थेंब चौपट जहाल. ज्याला लहान बाळाचं म्हणून सौम्य समजावं, तेच अधिक तीव्र. बाळाला कमी घोट पाजता यावेत म्हणून ते आटवलेलं असतं. "मागच्या वेळी टोपणभर दिलं होतं" हे वाक्य ऐकून फार्मासिस्ट चमकून वर पाहतो, ते यासाठी.

लाल रेघेबद्दल थोडक्यात, कारण तिची जाहिरात २०१६ मध्ये सरकारनंच केली होती. पाकिटाच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. मला रेघेपेक्षा तिच्या पुढची पायरी भावते. १ मार्च २०१४ पासून अनुसूची 'एच-१' लागू झाली, सुरुवातीला ४६ औषधं. ताकदीची प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं, सवय लागणारी काही. त्यांची वेगळी वही ठेवायची: डॉक्टर कोण, रुग्ण कोण, औषध कोणतं, किती. वही तीन वर्षं सांभाळायची. ही वही म्हणजे काउंटरमागचा सर्वांत कंटाळवाणा कागद. पण २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं औषधविक्रेत्यांनाही क्षयरुग्णांची माहिती कळवणं बंधनकारक केलं, आणि त्या कंटाळवाण्या वहीतून सरकारी यंत्रणेला कधीच न दिसलेला रुग्ण दिसू शकतो. खासगी डॉक्टरकडं गेलेला, मध्येच औषध सोडू शकणारा माणूस. वही त्याला ओळखते.

आणि आता बॅच नंबर. गोळी पोटात गेल्यावर विरघळेल का, हे शिरगावच्या दुकानात कळत नाही. ते कारखान्यात पाहतात. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, त्यांच्या भिंतींना लागून आपण रोज जातो. फार्माकोपियात कसोटी अशी: सहा नळ्यांत सहा गोळ्या, खाली जाळी, भांड्यात शरीराइतकं, म्हणजे ३७ अंशांचं पाणी, आणि नळ्या सतत वर-खाली. साध्या, लेप नसलेल्या गोळीनं पंधरा मिनिटांत विरून जायचं. अशा कसोट्यांतून पार झालेल्या एका वेळच्या मालाला एक क्रमांक मिळतो. एका कढईतला सगळा माल, एकच नाव. काही बिघडलं तर त्या एका कढईतलंच बिघडतं, आणि शोधायचं ते तेवढंच.

शोधायची वेळ येते. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना ग्लिसरॉल दिलं जात होतं. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करायला ते वापरतात. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं. चौदा माणसं गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली आणि औषध कुठून आलं, कुणी तपासलं, कुणी पाहून न पाहिल्यासारखं केलं, ते पान न् पान उलगडलं. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला ग्लिसरीनसारखंच. रंग नाही, दाटसर, चवीला गोड. गोठण टाळणाऱ्या द्रवांत आणि कारखान्यांत वापरायचं. पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पाडतं. १९९८ मध्ये गुरुग्राममध्ये ३३ मुलं याच विषानं गेली.

आणि २०२५ च्या शरदात छिंदवाडा. मध्य प्रदेशातला जिल्हा, पण नागपूरला लागून. तिथली आजारी मुलं उपचाराला नागपुरातच आणली गेली. 'कोल्ड्रिफ' नावाचं खोकल्याचं औषध, तमिळनाडूत बनलेलं. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं दगावली. बाटलीवर बनवल्याचा महिना मे २०२५, मुदत एप्रिल २०२७. म्हणजे मुदत पाहून घेणाऱ्या सावध आईलाही ती बाटली ताजीच दिसली असती.

त्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं इशारा काढला. त्यात मुख्य होतं ते बॅचचं नाव: एसआर-१३. दोन अक्षरं, दोन आकडे. या बॅचची विक्री थांबवा, घरात असेल तर वापरू नका, कळवा. एवढ्या मोठ्या राज्यात, हजारो दुकानांत, कुठल्या बाटलीवर बोट ठेवायचं, ते या चार खुणांनी सांगायचं होतं. ताईंकडं काही प्रयोगशाळा नाही. बाटली उघडून, चाखून, हुंगून त्यांना विष कळणार नाही. त्यांना करता येतं ते एकच: परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून, बॅच नंबर लिहिलेल्या बिलावर माल घ्यायचा आणि तसाच बॅच नंबर लिहिलेल्या बिलावर तो पुढं द्यायचा. दुकानात दर्जा तयार होत नाही. तिथं तो सांभाळला जातो आणि त्याचा माग ठेवला जातो.

माग काढायची वेळ आली तर काय करावं लागतं, याची गोष्ट अमेरिकेत १९३७ मध्ये घडली. सल्फानिलामाइड या औषधाला पातळ रूप द्यायला एका कंपनीनं हेच डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं. शंभरहून अधिक माणसं गेली, त्यात मुलं बरीच. २४० गॅलन औषध, म्हणजे सुमारे ९०० लिटर, देशभर पसरलं होतं. निरीक्षक गावोगाव फिरले, दुकानांची पुस्तकं आणि डॉक्टरांच्या नोंदी चाळत, घरांची दारं ठोठावत. २४० पैकी २३४ गॅलन परत मिळवले. आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही, की विषारी औषध विकणं तेव्हाच्या कायद्यात गुन्हाच नव्हता. जप्ती करता आली ती एका शब्दामुळं. बाटलीवर 'इलिक्झर' लिहिलं होतं, आणि इलिक्झर म्हणजे मद्यार्क असलेलं औषध. यात मद्यार्क नव्हता, म्हणून नाव खोटं, म्हणून जप्ती. 'सोल्यूशन' लिहिलं असतं तर सरकारचे हात बांधलेले राहिले असते. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, तिथला कायदा बदलला. आपल्याकडं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीनं १९३१ मध्येच औषधांसाठी कायदा हवा असं सांगितलं होतं. तो यायला १९४० उजाडलं.

महाराष्ट्रात बिलावरून भांडणही झालेलं आहे. २०१२ च्या सुमारास तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे आणि बिल दिलंच पाहिजे, याचा आग्रह धरला. कारवाया सुरू झाल्या, औषधविक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. तेव्हा मलाही वाटलं होतं की सरकार कागदासाठी लोकांना औषधावाचून ठेवतंय. दुकानदारांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. छोट्या गावात पूर्ण वेळ फार्मासिस्ट परवडत नाही, हे खरं होतं. पण आज एसआर-१३ डोळ्यांसमोर ठेवून पाहिलं की तो कागद निराळा दिसतो. २०२३ च्या ऑगस्टपासून निवडक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं. मोबाइल धरला की बॅच कळते. पण चार गोळ्या कापून घेतल्या तर क्यूआर कोडही खोक्याबरोबर दुकानातच राहतो.

तर कात्रीचा पेच असा सुटतो: तारखेचं टोक दुकानात आणि त्याची नक्कल बिलावर, आपल्या खिशात. त्या संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी बावीस रुपयांच्या गोळ्यांचं बिल मागितलं. मागच्या माणसानं सुस्कारा सोडला. ताईंनी काही न बोलता छापून दिलं, बॅच आणि मुदत दोन्ही त्यावर होती.

घरी येऊन कपाटातला औषधांचा डबा काढला. मूळचा बिस्किटांचा, चौकोनी, पत्र्याचा. आत स्ट्रिपचे अकरा तुकडे निघाले. सात तुकड्यांना टोकच नव्हतं. त्यांतल्या तिघांवर औषधाचं अर्धं नाव उरलं होतं, उरलेल्या चार तुकड्यांवर नुसता चंदेरी कागद. तळाशी एक छोटी प्लॅस्टिकची डबी, तिच्यावर आईच्या अक्षरात 'डोकं'. झाकण उघडून नाकाजवळ नेली. आंबट वास आला.